कोकरे व बोकडांना तेलयुक्त खुराक : किती, कधी आणि कसा द्यावा?

प्रदर्शन, जत्रेचा बाजार किंवा बकरी ईदसाठी जनावर तयार करताना शेवटच्या महिन्यात खुराकात सरकी, सोयाबीन, जवस, तेल किंवा तूप वाढवण्याकडे पशुपालकांचा कल असतो. योग्य प्रमाणात दिल्यास स्निग्ध पदार्थांमुळे अंगावर भरणा येतो आणि केसांना चमक येते. प्रमाण चुकले तर मात्र चार महिने सांभाळलेले जनावर शेवटच्या आठवड्यात आजारी पडते, काही वेळा दगावते. हे नुकसान टाळण्यासाठी खुराकाचे गणित समजून घ्यावे.

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके आणि संत्र्याच्या बागा आहेत. त्यामुळे सरकी, सरकी ढेप, सोयाबीन, तुरीची चुनी आणि कुटार बहुतेक घरी किंवा गावातच मिळते. येथील शेळ्यांत बेरारी जातीचा वाटा मोठा आहे. नागपूर आणि वर्धा जिल्हे हे या जातीचे मूळ क्षेत्र असून तिची नोंद देशातील मान्यताप्राप्त जातींमध्ये झालेली आहे. मेंढ्यांची संख्या त्यामानाने कमी आहे. पश्चिम महाराष्ट्रात जत तालुक्यातील माडग्याळ मेंढ्यांना प्रदर्शनात आणि बाजारात मोठी मागणी असते; तेथे कोकरू लहान असल्यापासून त्याच्या खुराकाकडे लक्ष दिले जाते. आपल्याकडे ही काळजी प्रामुख्याने बोकडाची घेतली जाते. खुराकाचे नियम मात्र कोकरू आणि बोकड दोघांना जवळपास सारखेच आहेत. जेथे फरक आहे तेथे तो पुढे स्वतंत्र दिला आहे.

स्निग्ध पदार्थांचा उपयोग काय?

- एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून पिष्टमय पदार्थाच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते. त्यामुळे थोड्या खुराकात जास्त ऊर्जा देता येते.
- धान्य पचताना जितकी उष्णता शरीरात तयार होते, त्यापेक्षा स्निग्ध पदार्थ पचताना कमी तयार होते. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात जनावरांचे खाणे कमी होते, तेव्हा याचा फायदा होतो.
- धान्याचा काही भाग कमी करून त्याजागी तेलबिया दिल्यास कोठीपोटातील आम्लता वाढण्याचा धोका कमी होतो. धान्य तेवढेच ठेवून वर तेलबिया दिल्यास हा फायदा मिळत नाही.
- जवसासारख्या तेलबियांमुळे त्वचा मऊ राहते आणि केसांवर चमक येते.

जास्त दिल्यास नुकसान कसे होते?

शेळी-मेंढीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. चाऱ्यातील तंतुमय भाग तेच पचवतात. आहारात तेल जास्त झाले की चाऱ्याच्या कणांवर त्याचा थर बसतो आणि सूक्ष्मजीवांना कणांपर्यंत पोहोचता येत नाही. वनस्पती तेलातील असंतृप्त स्निग्धाम्ले तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना थेट अपायकारकही ठरतात. परिणामी कुटार-कडबा पचत नाही, रवंथ कमी होते, जनावर खुराक सोडते आणि लेंड्यांऐवजी चिकट शेण टाकू लागते. म्हणजे वजन वाढवण्यासाठी दिलेल्या खुराकामुळेच वजन घटू लागते.

दुसरा मुद्दा शरीरात चरबी साठण्याचा आहे. शेळीवर्गीय जनावरात चरबी आधी आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडाभोवती साठते, कातडीखाली नंतर आणि कमी. मेंढीत कातडीखालील थर तुलनेने लवकर दिसतो. त्यामुळे बोकडाला कितीही तेल पाजले तरी त्याचा मोठा भाग पोटातच साठतो. पाठ आणि मांड्या भरण्यासाठी पुरेशी प्रथिने, चांगला चारा आणि रोजचे चालणे यांची गरज असते.

सुरक्षित मर्यादा किती?

दिवसभरात जनावराने खाल्लेल्या एकूण शुष्क पदार्थात, म्हणजे चारा व खुराकातील पाण्याचा अंश वगळून उरलेल्या भागात, स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांपर्यंतच ठेवावेत. ६ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. साध्या चारा-खुराकातून अडीच ते तीन टक्के आधीच मिळतात. म्हणजे वरून देण्यासाठी दोन ते अडीच टक्केच शिल्लक राहतात.

उदाहरणार्थ, २५ किलो वजनाचे जनावर :

- वजनाच्या ४ टक्के या हिशेबाने दिवसाला सुमारे १ किलो शुष्क पदार्थ खाते.
- त्यात ५ टक्के म्हणजे ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ चालतात.
- चारा आणि साध्या खुराकातून २५ ते ३० ग्रॅम मिळतात.
- वरून देता येणारे स्निग्ध पदार्थ फक्त २० ते २५ ग्रॅम.

एवढे स्निग्ध पदार्थ साधारण १०० ते १२५ ग्रॅम सोयाबीनमधून, ५५ ते ६५ ग्रॅम जवसातून किंवा २५ ते ३० ग्रॅम बायपास फॅटमधून मिळतात. यांपैकी कोणताही एकच पर्याय निवडावा किंवा दोन पर्याय निम्मे-निम्मे घ्यावेत. सोयाबीनही पूर्ण, जवसही पूर्ण आणि वर चमचाभर तेल असे केल्यास मर्यादा त्याच दिवशी ओलांडली जाते.

आपल्याकडील तेलयुक्त खाद्ये

खालील प्रमाण अंदाजे आहे. वाण, साठवण आणि गाळपाच्या पद्धतीनुसार त्यात फरक पडतो.

- सोयाबीन : तेल १८ ते २० टक्के, प्रथिने ३६ ते ४० टक्के.
- सरकी : तेल १८ ते २० टक्के, प्रथिने सुमारे २२ टक्के.
- सरकी ढेप (घाणीची, टरफलासह) : तेल ६ ते ८ टक्के, प्रथिने २० ते २२ टक्के.
- जवस : तेल ३५ ते ४० टक्के, प्रथिने २० ते २२ टक्के.
- भुईमूग ढेप (घाणीची) : तेल ६ ते ८ टक्के, प्रथिने ४० टक्क्यांच्या वर.
- तांदळाचा कोंडा (तेल न काढलेला) : तेल १२ ते १८ टक्के.
- बायपास फॅट (कॅल्शियमयुक्त) : स्निग्ध पदार्थ सुमारे ८४ टक्के.
- तुलनेसाठी मका : तेल साडेतीन ते चार टक्के.

सोयाबीन : कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. त्यामुळे ते कढईत मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत आणि फिकट तपकिरी रंग येईपर्यंत भाजावे. थंड झाल्यावर जाडसर भरडावे. पीठ करू नये. भरडलेल्या सोयाबीनला लवकर खवट वास येतो, म्हणून एका वेळी आठ दिवसांपुरतेच भरडावे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे अमोनियात रूपांतर करणारे विकरही असते. युरियाप्रक्रिया केलेला चारा किंवा युरियायुक्त चाटण विटेसोबत कच्चे सोयाबीन कधीही देऊ नये. अमोनियाची विषबाधा होऊ शकते.

सरकी : सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. प्रौढ जनावराच्या कोठीपोटात त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, पण लहान पिलांचे कोठीपोट पूर्ण विकसित झालेले नसते. त्यांच्या हृदयावर आणि यकृतावर परिणाम होतो व पिलू कोणतेही ठळक लक्षण न दाखवता दगावू शकते. चार महिन्यांखालील करडे-कोकरांना सरकी किंवा सरकी ढेप देऊ नये. २५ किलोच्या जनावराला सरकी दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये आणि त्यासोबत सरकी ढेप देऊ नये. पैदाशीसाठी ठेवलेल्या बोकडाला किंवा मेंढ्याला सरकी टाळावी, कारण गॉसिपॉलचा शुक्राणूंवर विपरीत परिणाम होतो.

जवस : भरडून, इतर खुराकात मिसळून द्यावे. २५ किलोच्या जनावराला २० ते ३० ग्रॅम पुरेसे होते.

बायपास फॅट : यातील स्निग्ध पदार्थ कॅल्शियमशी बांधलेले असतात, त्यामुळे ते कोठीपोटात फारसे सुटत नाहीत आणि पुढे आतड्यात पचतात. म्हणून सूक्ष्मजीवांना त्रास कमी होतो. मात्र चव जनावराला लवकर आवडत नाही. ५ ग्रॅमपासून सुरुवात करून १० दिवसांत २५ ग्रॅमपर्यंत न्यावे.

तेल व तूप : खुराकावर टाकायचेच असेल तर २५ किलोच्या जनावराला दिवसाला २० मिलिपेक्षा जास्त नको, आणि त्या दिवशी दुसरी कोणतीही तेलबी नको. नळीने किंवा बाटलीने तोंडात तेल, तूप ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसाचा दाह होतो आणि असे जनावर वाचवणे अवघड असते. पोटफुगीत पशुवैद्यक काही वेळा गोडेतेल पाजायला सांगतात, ते फेस मोडण्यासाठी असते. त्यावरून तेल रोज पाजणे चांगले, असा अर्थ काढू नये.

हे खाद्य अजिबात देऊ नये

१. बीजप्रक्रिया केलेले बियाणे. पेरणीनंतर उरलेली लाल, गुलाबी किंवा हिरव्या रंगाची सरकी अथवा सोयाबीन बियाणे कीटकनाशक आणि बुरशीनाशक लावलेले असते. धुतले तरी ते सुरक्षित होत नाही. उरलेले बियाणे गोठ्यापासून दूर, कुलुपात ठेवावे.

२. परतीच्या पावसात भिजून काळे पडलेले सोयाबीन. बाजारात भाव मिळत नाही म्हणून असे सोयाबीन शेळ्यांपुढे टाकले जाते. त्यावरील बुरशीचे विष यकृतावर परिणाम करते. भाजल्याने बुरशी मरते, तिने तयार केलेले विष मात्र बऱ्याच अंशी तसेच राहते. ढेपेला बुरशी, गाठी किंवा कुबट वास असेल तर तीही टाकून द्यावी.

३. मांस व हाडांची भुकटी, प्राण्यांची चरबी. दुधाच्या व मांसाच्या रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी अशी भुकटी वापरू नये.

४. कोंबडीखाद्य. त्यातील धान्य, क्षार आणि औषधांचे प्रमाण शेळी-मेंढीसाठी ठरवलेले नसते.

५. गाई-म्हशींचे खनिज मिश्रण किंवा पशुखाद्य मेंढीला. मेंढीला तांबे फार थोडे लागते. जास्तीचे तांबे यकृतात साठत जाते आणि प्रवास किंवा प्रदर्शनाच्या ताणात एकदम रक्तात उतरते. डोळे पिवळे पडणे व गडद लाल लघवी ही त्याची लक्षणे आहेत. मेंढीसाठी स्वतंत्र खनिज मिश्रणच वापरावे. शेळी यापेक्षा जास्त तांबे सहन करते.

६. वजन वाढवण्याची म्हणून विकली जाणारी इंजेक्शने. पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये. हे जनावर शेवटी कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

खुराक सुरू करण्यापूर्वी

- वय किमान साडेतीन ते चार महिने असावे आणि दूध तुटून तीन-चार आठवडे झालेले असावेत.
- लेंड्या तपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. पोटात जंत असताना दिलेला महागडा खुराक वाया जातो.
- आंत्रविषाराची लस खुराक वाढवण्याच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. पहिल्यांदाच लस देत असल्यास पशुवैद्यक सांगतील त्या अंतराने दुसरी मात्रा द्यावी. हा रोग आतड्यातील जिवाणूंच्या विषामुळे होतो. खुराक अचानक वाढला की हे जिवाणू झपाट्याने वाढतात. कळपातील सर्वांत जास्त खाणारे, सर्वांत धष्टपुष्ट पिलू रात्री चांगले असते आणि सकाळी मेलेले आढळते. ज्याच्यावर सर्वांत जास्त खर्च केला तेच आधी जाते, म्हणून ही लस चुकवू नये.
- पीपीआरची लस झाली आहे का, तेही पाहावे.
- वजन घ्यावे. काटा नसल्यास टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे किलोतील अंदाजे वजन. उदाहरणार्थ, घेर २६ इंच आणि लांबी २४ इंच असल्यास २६ × २६ × २४ ÷ ६६० = सुमारे २४.६ किलो.

१० किलो खुराक मिश्रण

- मक्याचा भरडा : ४ किलो
- तुरीची चुनी : २.५ किलो
- भाजलेल्या सोयाबीनचा भरडा : १.५ किलो
- गव्हाचा कोंडा : १.१ किलो
- जवसाचा भरडा : ५०० ग्रॅम
- शेळी किंवा मेंढीचे खनिज मिश्रण : २०० ग्रॅम
- चुनखडीची भुकटी (पशुखाद्यासाठीची) : १०० ग्रॅम
- मीठ : १०० ग्रॅम

या मिश्रणात प्रथिने साधारण १५ टक्के आणि स्निग्ध पदार्थ ७ टक्क्यांच्या आसपास येतात. २५ किलोच्या जनावराला दिवसाला ४०० ग्रॅम मिश्रण दोन वेळांत विभागून द्यावे. सोबत तूर किंवा हरभऱ्याचे कुटार ४०० ग्रॅम आणि हिरवा चारा (सुबाभूळ, शेवरी, मका, नेपियर इत्यादी मिळून) सव्वा किलोच्या आसपास द्यावा. अशा आहारात खुराकातून सुमारे २९ ग्रॅम आणि चाऱ्यातून १३ ते १४ ग्रॅम, असे एकूण ४२ ते ४३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. ५० ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा हे कमी आहे. या मिश्रणावर वेगळे तेल, तूप, सरकी किंवा बायपास फॅट देऊ नये.

चुनखडीची भुकटी वगळू नये. स्निग्ध पदार्थ आतड्यात कॅल्शियमशी बांधले जातात, त्यामुळे कॅल्शियमची गरज वाढते. शिवाय मका आणि गव्हाच्या कोंड्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असते. आहारात कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक असावे. ते बिघडल्यास नरांमध्ये मुतखडा होतो.

खुराक कसा वाढवावा?

कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यासाठी दोन मिश्रणे तयार ठेवावीत. एक वर दिलेले तेलयुक्त मिश्रण आणि दुसरे साधे मिश्रण. साध्या मिश्रणात सोयाबीन आणि जवसाच्या दोन किलोऐवजी चुनी व मका प्रत्येकी एक किलो जास्त घ्यावा.

- १ ते ४ दिवस : साधे मिश्रण १०० ग्रॅम.
- ५ ते ८ दिवस : साधे मिश्रण २०० ग्रॅम.
- ९ ते १२ दिवस : साधे मिश्रण ३०० ग्रॅम.
- १३ ते १६ दिवस : साधे मिश्रण ४०० ग्रॅम.
- १७ ते १९ दिवस : ३०० ग्रॅम साधे, १०० ग्रॅम तेलयुक्त.
- २० ते २२ दिवस : २०० ग्रॅम साधे, २०० ग्रॅम तेलयुक्त.
- २३ ते २५ दिवस : १०० ग्रॅम साधे, ३०० ग्रॅम तेलयुक्त.
- २६ व्या दिवसापासून : तेलयुक्त मिश्रण ४०० ग्रॅम.

कोणत्याही टप्प्यावर शेण मऊ झाले किंवा गव्हाणीत खुराक उरू लागला तर पुढचा टप्पा थांबवावा, मागच्या टप्प्यावर यावे आणि लेंड्या नीट झाल्यावरच पुढे जावे. पूर्ण मात्रा ४५ ते ६० दिवस दिली तरी पुरते. म्हणजे विक्री किंवा प्रदर्शनाच्या तीन महिने आधी तयारी सुरू करावी.

बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकते. सध्या ती मे-जूनच्या सुमारास येत असल्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात करणे सोयीचे ठरते. त्याच काळात तूर आणि हरभऱ्याचे ताजे कुटार घरात आलेले असते. ज्यांनी शेवटच्या १५ दिवसांत खुराक सुरू करायचे ठरवले आहे, त्यांनी तेलयुक्त मिश्रण देऊच नये. साधे मिश्रण, चांगला चारा आणि खरारा यांवरच भर द्यावा.

रोजचे व्यवस्थापन

- आधी कुटार किंवा कडबा, अर्ध्या तासाने खुराक, हा क्रम ठेवावा. रिकाम्या पोटी खुराक देऊ नये.
- दोन्ही वेळा ठरलेल्या असाव्यात. सकाळची वेळ चुकली म्हणून संध्याकाळी दुप्पट देऊ नये.
- प्रत्येक जनावराला वेगळी गव्हाण किंवा टोपले असावे. एकत्र दिल्यास दांडगा बोकड दुसऱ्याचाही वाटा खातो आणि नेमका तोच आजारी पडतो.
- खुराक अंदाजाने न देता वजन करून द्यावा. एका डब्यात ४०० ग्रॅम मोजून तेथे खूण करून ठेवावी.
- स्वच्छ, गार पाणी दिवसभर समोर असावे. उन्हाळ्यात रांजण किंवा बादली सावलीत ठेवावी. पाणी कमी पडल्यास खुराक पचत नाही आणि नरांत मुतखड्याचा धोका वाढतो.
- सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास चालवावे. त्यामुळे मांड्यांचे स्नायू भरतात.
- रोज ब्रशने किंवा गोणपाटाच्या तुकड्याने खरारा करावा. केसांची चमक निम्मी यानेच येते.
- सोयाबीनच्या मळणीच्या काळात ढिगाला आणि पोत्यांना शेळ्या लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. एका बैठकीत खाल्लेले किलोभर सोयाबीन जीवघेणे ठरू शकते.

शरीर गुणांकनाने तपासा

दर आठवड्याला शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबरेवर हात ठेवून पाहावे. कण्याची हाडे टोकदार लागत असतील तर जनावर अशक्त आहे. बोटाने हलका दाब दिल्यावर हाडे गोलसर लागत असतील तर १ ते ५ च्या मोजपट्टीवर गुणांकन ३ समजावे. जोर देऊनही हाडे लागत नसतील तर चरबी जास्त झाली आहे. प्रदर्शनासाठी आणि विक्रीसाठी ३ ते ३.५ हे गुणांकन चांगले. तेथे पोहोचल्यावर तेलयुक्त मिश्रण निम्मे करून उरलेले साधे द्यावे. बेरारी बोकड मुळात उंच आणि सडपातळ असतो. त्याला दुसऱ्या जातीच्या जाड बोकडासारखे करण्याच्या नादात चरबी पोटात वाढत जाते.

धोक्याची लक्षणे आणि तातडीचे उपाय

अपचन व आम्लता : खाणे बंद, रवंथ बंद, दात खाणे, सुस्ती, आंबट वासाचे पातळ शेण. खुराक लगेच पूर्ण बंद करावा, फक्त कुटार आणि पाणी ठेवावे. खाण्याचा सोडा द्यायचा असल्यास मात्रा पशुवैद्यकाला फोनवर विचारून घ्यावी.

पोटफुगी : डावी कूस फुगते, बोटाने वाजवल्यास ढोलासारखा आवाज येतो, श्वास भरभर चालतो. जनावराचे पुढचे पाय उंचावर राहतील असे उभे करावे, आडवे पडू देऊ नये आणि तातडीने पशुवैद्यकाला बोलवावे.

आंत्रविषार : अचानक तोल जाणे, मान मागे टाकणे, झटके, पातळ शेण आणि काही तासांत मृत्यू. एका जनावरात असे दिसल्यास बाकीच्या सर्वांचा खुराक त्याच वेळी थांबवावा आणि पशुवैद्यकाला कळवावे.

मुतखडा : नर वारंवार लघवीसाठी ताठ उभा राहतो, कण्हतो, शेपटी हलवतो, थेंब-थेंब लघवी होते किंवा होतच नाही. खच्ची केलेल्या बोकडात हे जास्त दिसते, विशेषतः फार लहान वयात खच्ची केले असल्यास. पशुपालकाला हे बद्धकोष्ठ वाटते आणि तो तेल पाजतो; त्यात वेळ जातो. लघवी तुंबलेली राहिल्यास एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकते. म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. कळपात पूर्वी मुतखडा झाला असेल तर खुराकात अमोनियम क्लोराईड मिसळण्याबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो गोठ्यात ठळक लिहून ठेवावा.

प्रवास आणि प्रदर्शनाचा दिवस

- शेवटच्या आठवड्यात आहारात कोणताही नवीन पदार्थ आणू नये. पाहुण्याने सांगितलेले औषध, बाजारातील नवी पावडर, जास्तीचा गूळ, काजू-बदाम यांचा यावेळी उपयोग होत नाही. गुळामुळे आम्लता मात्र होऊ शकते.
- निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून खुराक निम्मा करावा, कुटार पोटभर द्यावे.
- नागपूर-अमरावती महामार्गाने दुपारच्या उन्हात वाहतूक करू नये. पहाटे निघावे. वाहनात पोत्यांचा किंवा कुटाराचा थर द्यावा, दाटी करू नये.
- पोहोचल्यावर आधी पाणी, मग सुका चारा आणि दोन तासांनी निम्मा खुराक द्यावा. खुराक घरूनच न्यावा.
- बाहेर गेलेले जनावर विकले न जाता परत आले तर दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळे ठेवावे.

खर्चाचा ताळा

दर १५ दिवसांनी वजनाची नोंद वहीत करावी. समजा, ६० दिवसांत वजन २५ वरून ३१ किलो झाले. म्हणजे ६ किलो वाढ, दिवसाला १०० ग्रॅम. या ६० दिवसांत ४०० ग्रॅमप्रमाणे २४ किलो खुराक लागला. तुमच्याकडील २४ किलो खुराकाच्या खर्चाला ६ ने भागले की एक किलो वजनवाढीचा खुराक खर्च निघतो. जिवंत वजनाचा बाजारभाव त्यापेक्षा चांगला जास्त असेल तरच खुराक चालू ठेवण्यात अर्थ आहे. सलग दोन नोंदींत वाढ ५० ग्रॅमच्या खाली असेल तर खुराक वाढवू नये. आधी जंत, चाऱ्याची प्रत आणि पाणी तपासावे.

घरच्या सोयाबीनचाही खर्च बाजारभावानेच धरावा. भाव चांगला असेल तेव्हा सोयाबीन विकून, स्निग्ध पदार्थांसाठी थोडे जवस आणि प्रथिनांसाठी चुनी-ढेप घेणे काही वेळा स्वस्त पडते.

सल्ला कोठे घ्यावा?

आहाराच्या नियोजनासाठी गावाजवळील पशुवैद्यकीय दवाखाना, वर्धा जिल्ह्यातील सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी संपर्क साधता येतो. शेळी-मेंढीपालनाच्या प्रशिक्षणाबाबत पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे चौकशी करावी. जाताना जनावराचे वय, वजन, लसीकरणाच्या तारखा आणि सध्या दिला जाणारा चारा-खुराक यांची नोंद सोबत न्यावी. त्यावरून तुमच्या गोठ्याला लागू पडणारे नेमके प्रमाण ठरवून मिळते.

लक्षात ठेवावे : २५ किलोच्या जनावराला वरून देण्याचे स्निग्ध पदार्थ २० ते २५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. सुरुवात तीन महिने आधी, वाढ हळूहळू, लस आधी आणि पाणी कायम. शेवटच्या आठवड्यात कोणताही बदल करू नये.